कोरडी पाठ

भिंतीवर वाचण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून मी तो तक्ता वाचला. कंपनी वर्षातून एकदा आम्हा कोल्ड स्टोरेजवाल्यांची तपासणी करून घेते, आणि तपासणी म्हणजे मुख्यतः बसून राहणं. सात खुर्च्या, एक पंखा, बंद खिडकी आणि समोर तो तक्ता. चित्रात एक माणूस झाडाखाली आडवा पडलेला, दुसरा त्याच्या अंगावर तांब्यानं पाणी ओततोय. दोघांचेही चेहरे निवांत, सहलीला आल्यासारखे. खाली ओळी होत्या. उन्हाचा तडाखा बसल्याची लक्षणं: चक्कर, असंबद्ध बोलणं, घाम थांबणं, त्वचा कोरडी आणि गरम लागणं. दुकानांच्या पाट्या वाचतो तसं मी ते वाचलं आणि पुढे गेलो. पुढे 'भरपूर पाणी प्या' होतं. मग मी परत मागे आलो. त्वचा कोरडी आणि गरम लागणं. माझा उजवा हात गुडघ्यावर होता. तो मी उचलून मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसलो. शेजारच्या खुर्चीवरचा ड्रायव्हर म्हणाला, "काय हो, पंख्याखाली गारठलात की काय? तुम्ही लोक तर बर्फात नांदता." मी हसलो. हसू चेहऱ्यावर आपोआप येतं, पोटात काय चाललंय याची त्याला खबर नसते.

नर्सबाईंनी नेहमीप्रमाणे डोळे मिटायला लावून बोटांच्या टोकांवर टाचणी टोचली. "लागतंय?" "लागतंय." मला टाचणी कळत नाही. टोचायला पुढे वाकल्या की त्यांची खुर्ची करकरते, ते कळतं. खुर्ची करकरली की मी 'लागतंय' म्हणतो. बावीस वर्षं नोकरी टिकवायची तर एवढी अक्कल लागतेच. या खेपेला एकदा खुर्ची करकरली आणि मी गप्प राहिलो. "काका?" "लागतंय, लागतंय," मी म्हणालो आणि डोळे उघडले. "बाई, उन्हात माणसाचा घाम थांबला तर ते चांगलं की वाईट?" त्या कागदावर खुणा करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घाम थांबला म्हणजे शरीरानं हात टेकले, काका. आतली उष्णता बाहेर टाकायची सोयच बंद." "मग किती वेळ असतो हातात?" "लगेच सावलीत नेलं, गार पाण्यानं भिजवलं, तर वाचतो की माणूस. पण लगेच हं. नंतर पळापळ करून काय उपयोग." मी उठलो, आणि उठता उठता विचारलं, "आणि सर्दीची गोळी? तिनं घाम बंद होतो म्हणतात." "कमी होतो कधी कधी. पण ती चढायला तास तरी जातो. का हो?" "काही नाही. तक्त्यावर वाचलं." "तक्त्यावर गोळीचं कुठे आहे?" त्या म्हणाल्या, पण तोवर पुढच्याला हाक गेली होती.

साडेबारा, एक, दीड. रस्त्यावर आल्यावर मी हे तीन आकडे मनात मांडले. मांडायची गरज नव्हती, गेले पाच आठवडे ते तोंडपाठ होते. माझा जोडीदार, ज्याला आम्ही सगळे बंब म्हणायचो, पाच आठवड्यांपूर्वी कंपनीच्या आवारात उन्हानं कोसळला आणि संध्याकाळी दवाखान्यात वारला. साडेबाराला मी त्याला पाहिलं. एकला त्यानं डबा उघडला आणि बायकोनं डब्यात ठेवलेली सर्दीची गोळी घेतली. दीडला तो ट्रकच्या चाकाशी पडलेला सापडला. दवाखान्यात कुणीतरी विचारलं, काही औषध घेतलं होतं का, आणि वहिनींनी रडत रडत गोळीचं सांगितलं. तेव्हापासून साऱ्यांनी ठरवून टाकलं की गोळी बाधली. बंबाच्या आईनं ते सगळ्यात आधी ठरवलं. सुनेनं माझा पोर घालवला, असं ती एकदाच म्हणाली आणि त्यानंतर सुनेशी अक्षर बोलली नाही. सुनेच्या हातचं खात नाही. शेजारीण ताट आणून देते ते खाते. आणि या सगळ्या खटल्याचा पक्का साक्षीदार मी. दर रविवारी त्यांच्या घरी जाऊन मी सांगत आलो, "साडेबाराला अगदी ठणठणीत होता हो. मी स्वतः हात लावून बघितलं." दिलासा म्हणून सांगत होतो. त्याला फार वेळ त्रास झाला नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. प्रत्येक रविवारी मी वहिनींच्या गळ्याभोवतीचा फास एकेक बोट आवळत होतो आणि वर चहा पिऊन येत होतो.

हे कळायला आमचं काम कळायला हवं. आम्ही त्या जागेला नुसतं 'आत' म्हणतो. 'आत चाललो', 'आत आहे', 'आतून आला'. उणे बावीस. जाड दरवाजा, त्यामागे प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा, मग खोक्यांच्या भिंती छतापर्यंत. वीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर. तिथे वास नसतो. मासळीची खोकी असोत की वाटाण्याची, नाकाला सगळं सारखंच. नाकातले केस ताठ होतात, पापण्या एकमेकींना चिकटतात, पेनातली शाई गोठते म्हणून कानावर पेन्सिल. पहिले पंधरा दिवस नवा माणूस थडथडतो, घरी दोन रजया घेऊनही थडथडतो. मग एके दिवशी थडथडणं थांबतं आणि तो खूश होतो, म्हणतो, जमलं. जमत काही नाही. अंग शहाणं होतं, इतकंच. घरात ओढाताण सुरू झाली की घरची बाई आधी पेपर बंद करते, मग दुधात पाणी घालते, तसं अंग आधी बोटं सोडून देतं, मग कान, मग नाकाचा शेंडा. मधलं तेवढं राखतं. याला लोक अंगवळणी पडणं म्हणतात. माझी बायको म्हणते, "तुमचे हात हात नाहीत, सांडशी आहेत," कारण चुलीवरचं पातेलं मी तसंच उचलतो. थंडीनं घालवलेल्या बोटांना आता ऊनही लागत नाही. आपल्याला वाटतं थंडीचा आणि उष्म्याचा हिशोब वेगळा असेल. एकच असतो.

मनाचंही तेच, पण मन लबाड. अंग निदान काळं पडून दाखवतं. आत गेलं की विचार जड होतात, एकेक खोक्यासारखा उचलावा लागतो. मला आत माझ्या मुलीचा वाढदिवस पटकन आठवत नाही. कुणाशी काल भांडलो ते आठवतं, पण का, ते नाही. आणि खरं सांगायचं तर ते बरं वाटतं. बंब गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, दोन दिवस घरी थांबा. मी थांबलो नाही. आत गेलो. दरवाजा बंद झाला, पंखे घरघरत होते, आणि पाचव्या मिनिटाला माझं दुःख घट्ट झालं, वाहायचं थांबलं. वीस मिनिटांनी बाहेर आलो की ते पुन्हा पातळ व्हायचं, आणि मी घाईनं पुन्हा आत जायचो. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस आहे. मी म्हटलं, असेल.

आत कुणी एकटं जात नाही. जोडी असते. आम्हाला ज्यानं शिकवलं तो जुना मुकादम म्हणायचा, "थंडी मारत नाही रे, घाम मारतो." घाई केली, जोर लावला, की कोटाच्या आत घाम येतो. मग जरा उभं राहिलं की तोच घाम पाठीवर बर्फ होतो, आणि माणूस गार पडत जातो, त्याला स्वतःला कळतही नाही. म्हणून आत हळू काम करणारा तो चांगला कामगार. जगात एवढी एकच जागा असेल जिथे घाम गाळणाऱ्याला शिव्या बसतात. आणि म्हणून आमचा रिवाज: दर फेरीला बाहेर आलं की हातमोजा काढून जोडीदाराच्या कॉलरमधून हात आत घालायचा, थेट पाठीवर. बोटांवर भरवसा नाही, म्हणून तळहात टेकवायचा. ओला लागला तर त्यानं कपडे बदलायचे, पुढची फेरी नाही. कोरडा आणि गरम लागला तर पाठीवर थाप. "कोरडा?" "कोरडा." एकोणीस वर्षं मी बंबाच्या पाठीवर हात ठेवला, दिवसातून आठ-दहा वेळा. बायकोच्या पाठीवर इतक्या वेळा ठेवला नसेन. ती हे एकदा म्हणालीही होती, हसत हसत, पण पुरतं हसत नव्हती.

त्याला बंब नाव पडलं ते यामुळेच. त्याचं अंग कायम तापलेलं. आतून बाहेर आल्यावर सगळे त्याच्याभोवती हात शेकायला यायचे, आणि तो शर्टाचं बटण काढून म्हणायचा, "या, या, रांगेत या, ढकलाढकली नको." आडवा, बुटका, बोलायला मोठा. आईवर जीव. आई बहिरी म्हणून घरात सगळ्यांशीच ओरडून बोलायची सवय, ती कामावरही सुटायची नाही. आत आमच्या दोघांत चारच वाक्यं असायची आणि ती सगळ्या स्टोरेजला ऐकू जायची. गेल्या थंडीत त्याच्या डाव्या पायाचं एक बोट काळं पडलं आणि कापावं लागलं. नंतर दुसऱ्यावर डाग आला. त्यानं मला दाखवला, चपला काढून, घरातलं काही लपवून दाखवतात तसा. "कुणाला सांगू नको," म्हणाला. मी सांगितलं. सुपरवायझरला गाठून म्हणालो, याला बाहेर घ्या, आवारात गाड्या लावून घ्यायचं काम द्या, उन्हात बसेल, हाडं शेकतील. बंब माझ्यावर उखडला. "मला नको बाहेर. मला आतच बरं. बाहेर कुणाला ओळखतो मी?" मी म्हणालो, "आगीतून फुफाट्यात जात नाहीयेस. गारठ्यातून उन्हात चाललायस. माणसं पैसे मोजून जातात." उंटावरचा शहाणा तो मी. एकोणीस वर्षं ज्या अंगानं उष्णता कवटाळून धरायची एवढंच काम केलं, त्याला एका दिवसात उष्णता सोडायची कशी हे कुणी शिकवलेलं नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. थंडीत येणाऱ्या नव्या माणसाला आम्ही पंधरा दिवस देतो. त्याला उन्हात पाठवताना आम्ही एक शिट्टी आणि एक टोपी दिली.

तिसरा दिवस. तो दिवस मी गेल्या पाच आठवड्यांत अनेकदा आठवला आहे, पण आज रस्त्यानं चालताना पहिल्यांदाच तो मला दिसला. डांबर मऊ झालं होतं, आजही होतं. दुकानदारांनी शटरं अर्ध्यावर ओढली होती. एक कुत्रं गटाराच्या ओल्या कडेला पोट टेकून पडलं होतं, आणि मला त्या कुत्र्याच्या अकलेचा हेवा वाटला. त्या दिवशी साडेबाराला मी आतून आलो, कोटावर भुरभुरीत बर्फ, आणि दरवाज्याबाहेर पाऊल टाकल्याबरोबर ऊन तोंडावर आदळलं. बंब पत्र्याच्या शेडशी उभा होता. शेडच्या आत नाही, बाहेर. मी हाक मारली. तो वळला आणि हसला. "आज गाड्या उलट्या चालल्यात," म्हणाला. मला वाटलं ड्रायव्हर लोकांची टर उडवतोय. मी म्हणालो, "तू सरळ उभा राहा म्हणजे त्या सरळ चालतील." चेहरा लाल होता, मला वाटलं ऊन मानवलं. आणि मग मी काय केलं, तर मोजा काढला आणि एकोणीस वर्षांच्या सवयीनं त्याच्या कॉलरमधून हात घातला. कोरडी ठक्क पाठ. आणि तापलेली. माझा तळहात आतून आलेला, लाकडासारखा, त्याला ती पाठ इतकी छान लागली की मी हात काढलाच नाही. शेकत राहिलो. "बंब पेटलाय आज," मी म्हणालो. "कोरडा. एक नंबर." तो जरा पुढे झुकला, मान खाली घातली, आणि हळू आवाजात म्हणाला, "राहू दे जरा. गार वाटतंय." त्याला हळू बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. तेही माझ्या लक्षात आलं नाही. दहा मिनिटं संपत आली होती. मी म्हणालो, "चल, वेळ झाली," हात काढला, पाठीवर थाप मारली आणि आत गेलो. आत थंडगार होतं. दरवाज्यापासून तो उभा होता तिथपर्यंत पंधरा पावलं असतील. माझ्या मागे बर्फाचं अख्खं गोदाम होतं.

हे सगळं आठवेपर्यंत मी बंबाच्या घराच्या रस्त्याला लागलो होतो. घरी जायचं होतं, पाय इकडे वळले. बसथांब्याच्या सावलीत थांबलो आणि स्वतःशी घासाघीस सुरू केली. एवढं सगळं सांगायची गरज काय? नर्सबाई म्हणाल्या तेवढं सांगावं, गोळी चढायला तास लागतो, संपलं. वहिनी सुटल्या, मीही सुटलो. साप मरेल आणि काठीही शाबूत राहील. मला बरं वाटू लागलं. तेवढ्यात हुडहुडी भरली. त्या उन्हात, सगळा रस्ता, सगळी भिंत तापलेली असताना माझे दात वाजले. शेजारी उभी असलेली बाई दोन पावलं सरकली. तिला वाटलं ताप असेल. बावीस वर्षांत आत थडथडणं विसरलेलं हे अंग इथे, बसथांब्यावर, नव्या माणसासारखं थडथडत होतं, आणि मला काय होतंय ते मला नीट कळत होतं. मला लाज वाटत होती. इतकी वाटत होती की आत जाऊन दरवाजा लावून घ्यावा असं वाटलं, आणि तिथे वीस नाही, वीसशे मिनिटं उभं राहावं. पण तिथेच तर मी पाच आठवडे होतो.

तिसरा मजला. उन्हामुळे सगळ्या बिऱ्हाडांची दारं उघडी होती, जिन्यात रेडिओ ऐकू येत होता. वहिनी टेबलाशी उभ्या राहून इस्त्री करत होत्या. बंब गेल्यावर त्यांनी लोकांचे कपडे घ्यायला सुरुवात केली होती, आणि त्या खोलीत बाहेरच्यापेक्षा जास्त उकडत होतं. त्यांचा घाम हनुवटीवरून टेबलावर पडत होता आणि त्या तो बाहीनं पुसत होत्या. म्हातारी खिडकीशी खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. खाटेखाली शेजारणीचं सकाळचं रिकामं ताट.

"भावजी? आज तर रविवार नाही."

"तपासणी होती. इकडून चाललो होतो."

"बसा. पाणी देते."

"नको. वहिनी, ती गोळी. त्या गोळीचा काही संबंध नव्हता."

इस्त्री थांबली नाही. "कोण म्हणालं?"

"तपासणीच्या नर्सबाई. गोळी चढायला तास लागतो."

"त्यांनी ह्यांना बघितलं होतं?"

"नाही, पण..."

"अंगाअंगावर असतं ते," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. दुसऱ्याचं पोर समजवावं तसं त्या मला समजावत होत्या. "मला ती गोळी घेतली की पंधरा मिनिटांत झोप येते. त्यांचंही तसंच असणार. सकाळी चार शिंका आल्या म्हणून मीच कागदात बांधून दिली. नको म्हणत होते. मी म्हटलं, घ्या, जेवणानंतर घ्या. आणि तुम्हीच सांगता ना, साडेबारापर्यंत ठणठणीत होते. मी रात्रंदिवस तेच धरून बसलेय. साडेबारापर्यंत ठणठणीत, म्हणजे त्यानंतर जे पोटात गेलं त्यानंच झालं. दुसरं काय असणार?"

मला कळलं की काठी शाबूत राहणार नाही.

"ठणठणीत नव्हता," मी म्हणालो. "साडेबारालाच त्याला लागलं होतं ऊन. घाम बंद झाला होता. भलतंच काहीतरी बोलत होता. मी हात लावून बघितलं वहिनी, पाठ कोरडी होती, तापलेली होती. आमच्यात कोरडं म्हणजे चांगलं. मी म्हणालो, एक नंबर. उन्हात कोरडं म्हणजे मरण, हे मला आज कळलं, भिंतीवर वाचून. गोळी त्यानंतरची. गोळी नसती घेतली तरी तो पडलाच असता. आणि मी तेव्हा ओरडलो असतो, पाणी ओतलं असतं, तर पडला नसता."

इस्त्री जिथल्या तिथे उभी राहिली. मी बोलत होतो, सगळं सांगत होतो, गाड्या उलट्या चालल्यात ते, हात शेकला ते, तो म्हणाला, राहू दे, ते. जळका वास यायला लागला. त्यांनी इस्त्री उचलून बाजूला ठेवली. कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर तांबूस तिकोण उमटला होता. त्या तो बोटानं घासत राहिल्या.

"गार वाटतंय म्हणाले?"

"हो."

"आणि तुम्ही हात काढलात."

"वेळ झाली होती."

मला वाटलं आता त्या रडतील किंवा अंगावर धावून येतील, आणि दोन्हींची मी तयारी केली होती. पण त्यांनी शर्टाची घडी घातली, डाग आत जाईल अशी, आणि म्हणाल्या, "मला सांगून काय करू मी याचं? माझ्यामुळे झालं, याची सवय करायला मला पाच आठवडे लागले. झोप लागायला लागली होती आता." मग त्यांनी खाटेकडे पाहिलं. "मला नका सांगू. त्यांना सांगा. मोठ्यानं सांगा, हळू बोललेलं ऐकू येत नाही त्यांना."

मी खाटेशी गेलो. खाली बसलो. म्हातारीनं मान वळवली, मला ओळखलं, तिचे डोळे जरा हसले. माझ्यावर तिचा लोभ होता. माझ्या पोराचा जोडीदार, शेवटपर्यंत ज्यानं हात लावून बघितलं तो. "आई," मी म्हणालो, "साडेबाराला तो बरा नव्हता." तिनं कानामागे हात धरला. मी पुन्हा म्हणालो, जरा वर. तिनं मान हलवली. मला समोरचं उघडं दार दिसत होतं, आणि पलीकडच्या बिऱ्हाडाचंही. बंब या खोलीत रोज कसा बोलत असेल तसा मी ओरडलो. "तुमच्या पोराला साडेबारालाच ऊन लागलं होतं! मी हात लावला, मला कळलं नाही! मी त्याला तसाच टाकून आत गेलो! गोळीनं नाही झालं! सूनबाईचा काही दोष नाही! माझा आहे! त्याला उन्हात मीच पाठवला, आणि तिथे मरताना बघून पाठ थोपटून मीच गेलो!" जिन्यातला रेडिओ कुणीतरी बंद केला. मी थांबलो तेव्हा सगळी इमारत ऐकत होती, आणि मला अजून ओरडायचं होतं, पण शब्द उरले नव्हते.

म्हातारीच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिनं ऐकलं होतं, ते मला कळलं, कारण तिचे डोळे हसायचे थांबले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे टेबलाकडे पाहिलं, जिथे तिची सून उभी होती. तिकडे ती बराच वेळ पाहत राहिली. ओठ दोनदा हलले. आवाज काढायचा कसा ते जणू विसरली होती.

"सूनबाई," ती म्हणाली. "ह्याला बाहेर काढ."

मी मागे वळून पाहिलं. वहिनींचा हात तोंडावर गेला होता आणि आता त्या रडत होत्या. पाच आठवड्यांत सासूनं त्यांना हाक मारली नव्हती. त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं, पदरानं तोंड पुसलं आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी उठलो, चपला पायात सरकवल्या, एक उलटी पडली होती ती वाकून सरळ केली, आणि बाहेर आलो. त्या उकाड्यात कुणीच दार लावत नव्हतं. ते एक दार माझ्यामागे लागलं, आतून कडी बसली.

मी लगेच उतरलो नाही. पलीकडच्या दारातली बाई माझ्याकडे पाहत होती, तिच्या हातात झाकलेलं ताट होतं, आणि ते पुढे न्यावं की मागे, हे तिला ठरवता येत नव्हतं. दारामागून म्हातारीचा आवाज आला. शब्द कळले नाहीत. मग थोड्या वेळानं वहिनींचा आला, मोठ्यानं, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसा. पुन्हा म्हातारीचा. मी कठड्याला धरून एक पायरी उतरलो, मग दुसरी. घरात दोघी बोलत होत्या.